बसकी स्पोर्ट्स कार फेरीवर चढवणे आणि उतरवणे

प्रश्न थोडक्यात असा आहे. मध्यभागी इंजिन असलेली दोन आसनी स्पोर्ट्स कार आहे. पुढच्या बंपरखालची लिप, म्हणजे नाकाची सर्वात खालची कड, जमिनीपासून १०५ मिलिमीटरवर आहे, पोटाखाली ११५ मिलिमीटर मोकळे आहेत आणि व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर, २,६०० मिलिमीटर आहे. पुढच्या महिन्यात याच गाडीने दोन फेरी बोटींवरून जायचे आहे. रॅम्पवर गाडी तिरकी घेतली तर निभावेल का, की आधी नाक उचलणारी लिफ्ट बसवून घ्यावी, आणि वाटेतल्या गतिरोधकांचे काय करावे, हे विचारले आहे.

गेली वीस वर्षे मी दुसऱ्यांच्या बसक्या गाड्या एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेऊन पोहोचवतो आणि त्यांतल्या बऱ्याच प्रवासांत कुठे ना कुठे बोट असतेच. या काळात जे सर्वात उशिरा समजले ते आधी सांगतो. गाडी खाली लागते ती केवळ तिची उंची कमी असते म्हणून नव्हे. रस्त्याचा उतार चाकांच्या अवतीभवती एकदम बदलतो म्हणून ती लागते. सपाट रस्त्यावर ६० मिलिमीटरही पुरतात, आणि उतार सावकाश बदलत गेला तर उंच चढही ही गाडी मुकाट्याने चढते. अडचण येते ती दोन पृष्ठभागांच्या सांध्यावर. चढाच्या पायथ्याशी नाक टेकते, माथ्यावर पोट टेकते, आणि नाक सुटले म्हणून आपण निर्धास्त झालो की मागची चाके पायथ्याशी येताना शेपूट घासते. यातही ध्यानात ठेवायची गोष्ट अशी की सांध्यावर दोन्ही बाजूंचे कोन एकमेकांत मिळवायचे असतात. धक्का ४ अंशांनी खाली उतरत असेल आणि बोटीचा रॅम्प ३ अंशांनी वर चढत असेल, तर डोळ्यांना दोन्ही उतार सौम्य दिसतात, पण गाडीच्या नाकाला प्रत्यक्षात ७ अंशांचा चढ भेटतो.

म्हणून निघण्यापूर्वी आपल्या गाडीचे कोन काढून ते कागदावर लिहून ठेवावेत. सपाट फरशीवर गाडी उभी करून पुढचे चाक जमिनीला जिथे टेकते तिथपासून लिपच्या टोकापर्यंतचे आडवे अंतर मोजा. या बांधणीच्या गाड्यांत ते साधारण ९५० मिलिमीटर भरते. १०५ला ९५०ने भागले की सुमारे ०.११ येते, म्हणजेच सव्वासहा अंशांच्या आसपास, अर्थात नऊ मीटर पुढे गेल्यावर एक मीटर चढणारा उतार. याहून तीव्र चढ पायथ्याशी एकदम सुरू झाला तर लिप टेकणार. पोटाचा हिशेबही असाच आहे. व्हीलबेसच्या निम्म्याने, म्हणजे १,३०० मिलिमीटरने, ११५ला भागायचे, येणारा कोन दुप्पट करायचा. उत्तर सुमारे १० अंश येते. माथ्यावर उताराचा एकूण बदल १० अंशांपेक्षा कमी असेल तर पोट सुटते. उदाहरणार्थ, बदल ८ अंशांचा असेल तर मधोमध ९१ मिलिमीटर लागतात आणि तुमच्याकडे २४ शिल्लक राहतात. मागचा कोन याच पद्धतीने काढा. सायलेन्सरची नळकांडी, डिफ्यूझरच्या (मागच्या बंपरखालच्या हवा वळवणाऱ्या भागाच्या) पात्या आणि मागच्या क्रमांकपट्टीखालची कड यांपैकी जे सर्वात खाली असेल ते धरा.

हे तीन आकडे हाती आले की बाकीचा बराचसा सल्ला आपोआप सुटतो. माझ्दा एमएक्स-५ सारखी २,३१० मिलिमीटर व्हीलबेसची लहान गाडी त्याच उंचीला माथा सहज ओलांडते आणि लांब गाडी अडकते, ते का, हेही यातून दिसते. आणखी एक गोष्ट ओघात सांगून टाकतो. शोभेसाठी स्प्रिंगा बदलून गाडी आणखी २० मिलिमीटर खाली बसवण्याचा विचार असेल, तर तुमचा पुढचा कोन सव्वासहावरून पाचाच्या आसपास येईल आणि आज जो रॅम्प जेमतेम जमतो तो उद्या जमणार नाही. ज्याला बोटीने जायचे आहे त्याने हा नाद करू नये.

आता गाडी तिरकी घेण्याविषयी. हा सल्ला सगळेच देतात, आणि तो खोटा नाही, पण त्याची किंमत फुगवून सांगितली जाते. गाडी रॅम्पच्या दिशेशी ३० अंशांत वळवली की तिच्या लांबीला भेटणारा उतार मूळ उताराच्या ०.८७ पट होतो. आठ मीटरला एक मीटर चढणारा रॅम्प ७.१ अंशांचा असतो; तो तिरका घेतल्यावर ६.२ अंशांचा होतो, म्हणजे तुमची लिप केसभर अंतराने सुटते. शिवाय बंपर दोन्ही कोपऱ्यांना मागे वळलेला असतो, त्यामुळे रॅम्पला आधी भिडणारा कोपरा चाकाच्या अधिक जवळ असतो, आणि खरा फायदा बहुतेक वेळा यातूनच मिळतो. पण साडेचार मीटर लांब आणि जवळपास दोन मीटर रुंद गाडी ३० अंशांत वळवली की तिला सुमारे चार मीटर रुंदी लागते. लहान बोटींच्या रॅम्पवर ती नसते. दोन्ही बाजूंना लोखंडी कठडा किंवा साखळी असते आणि पलीकडे पाणी. तिथे बिचकत बिचकत १०-१५ अंश वळवून उताराच्या हिशेबात जवळजवळ काहीच हाती लागत नाही, कारण १५ अंशांत उतार जेमतेम साडेतीन टक्के घटतो. उलट एक चाक हवेत सुटण्याची शक्यता निर्माण होते, आणि ओल्या लोखंडावर एक चाक हलके झाले की साधा डिफरन्शियल (इंजिनाचा जोर दोन चाकांत वाटणारा भाग) सगळा जोर त्याच चाकात वाया घालवतो. रुंद धक्क्यावर तिरके जरूर घ्या. अरुंद रॅम्पवर त्याचा भरवसा धरू नका.

नाक उचलणारी लिफ्ट ही उत्तम सोय आहे. (गाडीची उंची बसल्या जागी बदलण्याची कल्पना नवी नव्हे, सिट्रोएन डीएसमध्ये ती १९५५ पासूनच होती.) तुमच्या गाडीचे नाक लिफ्टने ४० मिलिमीटर उचलले तर पुढचा कोन सव्वासहावरून पावणेनऊच्या जवळ जातो, आणि एवढ्याने बहुतेक धक्के आटोक्यात येतात. मात्र लिफ्ट फक्त पुढचा आस उचलते. त्यामुळे गाडीच्या मधोमध ४०ऐवजी २०च मिलिमीटर मिळतात, आणि मागच्या चाकांमागे ९०० मिलिमीटर बाहेर आलेली शेपूट तर उलट १४ मिलिमीटर खाली जाते. नाक चढले, माथाही सुटला, मग मागून खर्रकन आवाज कसा आला, असे विचारणारे मालक मला दोन-तीनदा भेटले आहेत. तो आवाज या १४ मिलिमीटरचा असतो. ज्या गाडीची शेपूट मुळात उंच आहे तिने लिफ्ट पूर्ण रॅम्पभर वरच ठेवावी. तुमच्या मागच्या कोनाचा आकडा पुढच्याइतकाच तुटपुंजा आला, तर लिफ्ट बसवूनही फळ्यांची गरज राहील, हे खर्च करण्यापूर्वी लक्षात घ्यावे.

लिफ्टच्या बाबतीत माझी स्वतःची एक चूक सांगण्यासारखी आहे. एका धक्क्यावर मी रांगेत उभा असतानाच बटण दाबून नाक वर घेतले, दिवा लागलेला पाहिला आणि निश्चिंत झालो. रांग सुटली, धक्क्यावरच्या माणसाने घाई केली, मी शे-दोनशे मीटर जरा वेगात गेलो आणि ठरावीक वेग ओलांडताच लिफ्ट, तिला शिकवल्याप्रमाणे, आपोआप खाली बसली. मला ते कळले जाड कापड फाटल्यासारखा आवाज आला तेव्हा. त्या दिवसापासून मी बटण रॅम्पच्या अगदी तोंडाशी, गाडी थांबवून दाबतो आणि नाक वर गेलेले बोनेटच्या रेषेवरून डोळ्यांनी पाहिल्याशिवाय हलत नाही. दिवा काय सांगतो यावर विसंबत नाही.

लिफ्ट नसेल तर फळ्या. यात गबाळे काही नाही. मला तर लिफ्टपेक्षा फळ्यांचा भरवसा जास्त वाटतो. आठास एक या रॅम्पच्या पायथ्याशी तुमचे पुढचे चाक येऊन टेकते, त्या क्षणी ९५० मिलिमीटर पुढे असलेल्या लिपखाली रॅम्प ११९ मिलिमीटर वर आलेला असतो. तुमच्याकडे आहेत १०५. म्हणजे सगळी अडचण १४ मिलिमीटरची आहे. चाक रॅम्पवर चढू लागले की नाकही त्याच्याबरोबर उचलले जाते आणि फट वाढत जाते, तेव्हा सर्वात वाईट क्षण तो एकच. २५ मिलिमीटर जाडीची, टायरपेक्षा चार बोटे रुंद आणि मीटरभर लांब फळी प्रत्येक पुढच्या चाकाखाली अशी ठेवायची की तिचे पुढचे टोक पायथ्याच्या सांध्याला भिडेल. मागचे टोक तासून उतरते करून घ्यावे, म्हणजे चाक फळीवर चढताना ती पुढे सरकत नाही. खालच्या बाजूला रबराची चटई चिकटवावी. लोखंडावर कोरडे लाकूडसुद्धा घसरते आणि ओले तर साबणासारखे. फळीला दोरी बांधून ठेवली तर गाडी पुढे गेल्यावर ती कुणालाही चटकन ओढून घेता येते, मागच्या वाहनांचा खोळंबा होत नाही आणि बोटीवरच्या माणसांची मर्जीही राहते. हलके प्लॅस्टिकचे तुकडे मिळतात तेही चालतात, फक्त ते पोकळ नसावेत.

हे झाले गाडीचे. परंतु फेरीच्या बाबतीत निम्मे काम समुद्र करतो, आणि वेळ नीट निवडली तर फळ्या डिकीतून काढाव्याही लागत नाहीत. मोठ्या बोटी ज्या धक्क्यांना लागतात तिथे किनारा आणि बोट यांच्यामध्ये एक हलता जोडपूल असतो. त्याचे एक टोक किनाऱ्याला बिजागरीने जोडलेले असते आणि दुसरे बोटीबरोबर वर-खाली होते. भरती-ओहोटीतल्या फरकाचे बारा भाग केले, तर पाणी पहिल्या तासाला एक भाग, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला आणि चौथ्याला तीन-तीन, पाचव्याला दोन आणि सहाव्याला एक भाग चढते किंवा उतरते, असा दर्यावर्दी लोकांचा जुना ठोकताळा आहे. फरक ४.८ मीटरचा असेल तर मधल्या दोन तासांत पाणी दर तासाला १.२ मीटर हलते. जोडपूल २० मीटर लांबीचा असेल तर केवळ एका तासात त्याचा उतार जवळपास साडेतीन अंशांनी बदलतो. तुमच्या गाडीचा सगळा पुढचा कोन सव्वासहा अंशांचा आहे, हे आठवा, म्हणजे एक तास थांबणे किंवा एक फेरी आधी पकडणे यात केवढा फरक आहे ते कळेल.

अमावस्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते, फरक सर्वात मोठा पडतो. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते आणि फरक कमी राहतो. दिवस निवडण्याची मुभा असेल तर भांगाचा दिवस निवडावा. ती नसेल तर निदान तास निवडावा. जोडपूल नेमका कोणत्या पाण्याला सपाट होतो हे प्रत्येक धक्क्यावर वेगळे असते, कारण ते बोटीच्या डेकच्या उंचीवर ठरते. ते विचारूनच घ्यावे लागते, आणि तिथल्या माणसाला ते पाठ असते. भरतीच्या दोन माथ्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटांचे अंतर असते, त्यामुळे आज सकाळी सोयीची असलेली वेळ आठवड्याने सोयीची नसते. शिवाय हिशेब दोनदा करावा लागतो, कारण चढताना पाणी अनुकूल असले तरी पाच तासांनी पलीकडे उतरताना ते नेमके उलट असू शकते. माणसे चढण्याची काळजी करतात. माझ्या पाहण्यात नुकसान जास्त करून उतरताना झाले आहे.

लहान, उघड्या बोटींचे प्रकरण निराळे आहे. त्या थेट उतरत्या काँक्रीट धक्क्यावर नाक टेकवतात आणि आपला रॅम्प त्यावर सोडतात. पाणी ओसरले की बोट धक्क्याच्या खालच्या भागाला लागते, म्हणून तिथला उतार वरच्यासारखाच आहे का, हे चालत जाऊन पाहावे. खालचा भाग शेवाळलेला असतो. रुंद, कमी खाचांचे, थंड टायर शेवाळावर जवळजवळ निरुपयोगी असतात, आणि अशा उतारावर ब्रेक मारला की गाडी थांबण्याऐवजी सरकते. अशा जागी माझा सल्ला स्पष्ट आहे: धक्क्याचा खालचा भाग ओला आणि हिरवा दिसला तर पाणी वर येईपर्यंत थांबावे.

जागा आरक्षित करतानाच गाडी कमी उंचीची असल्याचे सांगून तिच्या लिपची उंची कळवावी आणि आतल्या रॅम्पवरून वरच्या डेकवर न पाठवता मुख्य डेकवरच जागा मागावी. पुष्कळ मोठ्या बोटींत लहान गाड्यांसाठी वर उचलले जाणारे डेक असतात. त्यांचे रॅम्प आखूड आणि उभे असतात आणि माथ्याला कडक कोपरा असतो. बाहेरचा जोडपूल लीलया पार करून आत अडकलेली गाडी मी पाहिली आहे. धक्क्यावर पोहोचल्यावर गाडी लावून देणाऱ्या माणसाला पुन्हा सांगावे, कारण आरक्षणाच्या कागदावरची टीप त्याच्यापर्यंत पोहोचलेली असतेच असे नाही. त्याच्याशी बोलताना दोन वाक्ये पुरतात: माझी गाडी सहा अंशांच्या वर घेत नाही, आणि मला सावकाश जाऊ द्या. ट्रक चढत असताना बोट त्या टोकाला दबते आणि जोडपुलाचा कोन बदलतो, म्हणून अवजड वाहन रॅम्पवर असताना त्याच्या मागोमाग जाऊ नये.

एकदा पहाटेच्या अंधारात, पावसात, अशाच एका माणसाने मला हात दाखवून थांबवले, ओल्या लोखंडावर सरळ पालथा पडला, टॉर्च लिपखाली धरली आणि दुसऱ्या हाताची बोटे फटीत घातली. दोन बोटे आत जात होती. तो मला एकेक वीत पुढे घेत राहिला आणि दर वेळी बोटे घालून पाहत राहिला; एका ठिकाणी एकच बोट गेले, तिथे त्याने मला थांबवून पुढच्या चाकांसमोर माझ्याच फळ्या सरकवल्या. सगळा प्रकार तीन मिनिटांत आटोपला. गाडीत बसलेल्याला ही फट कधीच दिसत नाही. म्हणून बाहेर एक माणूस हवाच, आणि तो गाडीसमोर नव्हे, बाजूला वाकून, नजर लिपच्या पातळीला आणून पाहणारा हवा.

प्रत्यक्ष चालवताना एकच चूक पुन्हा पुन्हा होते: सांध्यावर ब्रेक. ब्रेक दाबला की नाक एक-दोन सेंटीमीटर खाली जाते आणि हिशेबात राखलेली सगळी शिल्लक तिथेच संपते. सांध्याच्या हातभर आधी पूर्ण थांबावे, ब्रेक सोडून नाक वर येऊ द्यावे आणि मग चालत्या माणसापेक्षाही कमी वेगाने, क्लच किंवा ऑटोमॅटिकच्या सरपटीवर गाडी पुढे जाऊ द्यावी. वेगात गेल्यास चाक चढावर आदळून सस्पेन्शन दबते, आणि उभ्या गाडीला जी फट पुरते ती धावत्या गाडीला पुरत नाही. सहप्रवाशाला आणि सामानाला आधीच उतरवावे. पोट काही मिलिमीटर वर येते आणि उतरलेला माणूस बाहेरून पाहायलाही उपयोगी पडतो. रॅम्पच्या टोकाला ज्या बिजागरीच्या पट्ट्या असतात त्यांची कड कमी उंचीच्या टायरची बाजू चिमटते, म्हणून त्यांच्यावर चाक वळवू नये. सरळ चाकाने पार व्हावे.

डेकवर गाड्या बांधण्यासाठी लोखंडी कड्या आणि घुमट बसवलेले असतात. काही डेकच्या पातळीत असतात, काही मुठीएवढे वर आलेले. ट्रकचालकाला ते जाणवतही नाहीत, तुमची लिप मात्र त्यांनी फुटते. ते दोन चाकांच्या मध्ये घ्यायचे की चाकाखाली, हे पुढे जाण्यापूर्वी ठरवावे. माझ्या मते वर आलेल्या कडीवरून पोट नेण्यापेक्षा बाजूने वळसा घालण्याची परवानगी मागणे बरे. जागेवर लागल्यावर लिफ्ट खाली करावी, गाडी गिअरमध्ये ठेवावी, हँडब्रेक ओढावा आणि अलार्ममधला कल ओळखणारा सेन्सर बंद करावा, नाहीतर बोट हलली की अलार्म वाजत राहतो आणि बॅटरी उतरते. समुद्र खवळलेला असून गाडी बांधणार असतील, तर पट्टे चाकांवरून घ्यायला सांगावे. सस्पेन्शनच्या हातांना किंवा खालच्या पत्र्याला हूक लावू देऊ नये. ओढण्याचा हूक आधीच काढून हाताशी ठेवावा. अनेक गाड्यांत त्याचे आटे उलटे असतात, हे अंधारात शोधत बसण्याची गोष्ट नव्हे.

गतिरोधकांबद्दल थोडक्यात. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनमधल्या रस्ते संशोधन प्रयोगशाळेत ज्या गोलाकार गतिरोधकाचा आकार ठरला, तो ३.७ मीटर लांब आणि १०० मिलिमीटर उंच असतो. १०० हा आकडा ऐकून तुमच्या पोटात गोळा येईल, पण त्याची वक्रता १७ मीटर त्रिज्येची असते आणि २,६०० मिलिमीटर व्हीलबेसखाली तो जेमतेम ५० मिलिमीटर वर येतो. योग्य बांधलेला असा गतिरोधक तुम्ही सरळ, सावकाश पार करू शकता. घातक असतात ते आखूड आणि उभे. त्यांच्यावरून जाताना चारही चाके खाली आणि उंचवटा पूर्णपणे पोटाखाली असतो, म्हणून त्यांची सगळीच्या सगळी उंची तुमच्या ११५मधून वजा होते. इथे तिरके घेतल्याने लिप वाचते, पोट मात्र वाचत नाही. ३० अंश वळवूनही पोट उंचवट्यावर असताना एकही चाक त्यावर नसते. ९० मिलिमीटरहून उंच असा आखूड गतिरोधक दिसला तर दुसरा रस्ता शोधावा, कारण उरलेली दोन बोटे सस्पेन्शन एका हिसक्यात खाऊन टाकते.

गाडी टेकलीच, तर पहिली गोष्ट म्हणजे ॲक्सिलरेटरवरचा पाय काढणे. लिप टेकली असेल आणि ती रबराची असेल तर पुढे जाताना ती दुमडून मागे वळते. त्याच अवस्थेत रिव्हर्स घेतला की कड अडकते आणि सगळा तुकडा उपटून निघतो. फाटलेल्या लिपांपैकी बहुतेक रिव्हर्समध्येच फाटलेल्या असतात. पोट टेकले असेल तर माणसे आणि सामान उतरवून पाहावे, तरी सुटत नसेल तर कंपनीने नेमून दिलेल्या जागीच जॅक लावून एकेक चाक उचलावे आणि खाली फळी सरकवावी. इंजिनाच्या चेंबरला, म्हणजे खालच्या तेलाच्या भांड्याला, लागल्याचा संशय असेल तर इंजिन बंद करून खाली तेल ठिबकते का ते पाहिल्याशिवाय पुन्हा सुरू करू नये. इलेक्ट्रिक गाडीचे पोट म्हणजे बॅटरीचे कवच. त्याला खोल ओरखडा किंवा पोचा आला तर ती बोटीवर न चढवता आधी तपासून घ्यावी. लिपच्या खालच्या बाजूला ओरखडे येणार, ते मनाला लावून घेऊ नये. तिथे झिजून बदलता येणाऱ्या नायलॉनच्या पट्ट्या बसवल्या की तो प्रश्न मिटतो.

तेव्हा तुमच्या मूळ प्रश्नाचे उत्तर असे. दोनच फेऱ्यांसाठी लिफ्ट बसवू नका. फळ्यांची एक जोडी करून घ्या, दोन्ही धक्क्यांची चढण्याची आणि उतरण्याची भरतीची वेळ काढा, आणि दोन्हींपैकी एखादी बोट एकाच रॅम्पची आहे का, हे आजच विचारा. तशी असेल तर एका बाजूला तुम्हाला रिव्हर्समध्ये जावे लागेल, आणि तेव्हा सगळे उलटे होते: शेपूट आधी सुटते, नाक सर्वात शेवटी सांध्यावरून जाते आणि लिप नेमकी फाटणाऱ्या दिशेने ओढली जाते. अशा बोटीवर उतरताना रिव्हर्स घेण्यापेक्षा चढतानाच रिव्हर्स घेऊन आत जाण्याची परवानगी मागा. चढण्याच्या वेळी धक्का रिकामा असतो, पाणी तुम्ही निवडलेले असते आणि फळ्या सरकवायला माणूस हाताशी असतो. उतरताना यांपैकी काहीच तुमच्या हातात राहत नाही.